साक्षीदाराने निकाल देऊ नये

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडच्या काही मशिदींत गणेशोत्सवात गणपती बसतो. मोहरम त्याच सुमारास आला तर पंजे आणि मूर्ती एकाच छपराखाली येतात आणि गावाला त्यात काही वावगे वाटत नाही. नदीपलीकडे नृसिंहवाडीला दत्ताच्या पादुका आहेत, शिरोळ तालुक्यात जैनांची आणि लिंगायतांची जुनी घरे आहेत. ‘ज्याचा देव त्याच्या देव्हाऱ्यात’ हे शहाणपण इथे पोथीतून आलेले नाही, शेजारातून आलेले आहे. त्यामुळे कोणी ख्रिस्ती माणूस ‘माझ्या प्रभूबद्दल ऐका’ म्हणाला की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उठतो तो असा, की माझ्या देवाचे याला काय खुपते? प्रश्न रास्त आहे. मात्र त्यात दोन गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. आपल्याला जे खरे वाटते ते दुसऱ्याला सांगणे ही एक, आणि त्याने ते मानलेच पाहिजे असा बंदोबस्त करणे ही दुसरी. पहिलीचा बचाव करता येतो. दुसरीचा बचाव ख्रिस्ती धर्मग्रंथालाच करता येत नाही, असे मला वाटते.

ख्रिस्ती माणसाला हे सांगणे ऐच्छिक नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवतो. पौल करिंथकरांना लिहितो की सुवार्ता सांगणे ही आपली फुशारकी नव्हे, ते आपल्यावर येऊन पडलेले काम आहे. प्रश्न उरतो तो या कामाला कोणते रूप द्यायचे याचा, आणि त्याचे एक टोक थेट कोल्हापुरात सापडते. रॉयल गूल्ड वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने 1852 मध्ये कोल्हापुरात काम सुरू केले. त्याचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरातच जन्मला. हाच रॉबर्ट पुढे अमेरिकेत विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचा प्रवर्तक झाला. 1886 मध्ये माउंट हर्मन येथे भरलेल्या शिबिरात शंभर तरुणांनी परदेशी मिशनकार्याची तयारी दाखवली, त्यामागे त्याचा मोठा वाटा होता. याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता पोचवायची, हे त्या चळवळीचे घोषवाक्य. त्यातली तळमळ खरी होती. पण मुदत ठरली की हिशेब आला, आणि हिशेब आला की समोरचा माणूस आकडा होऊ लागतो. ते वसाहतींचे शतक होते, त्यामुळे या भाषेला मोहिमेचा वास आपोआप लागला.

दुसरे रूप मराठी ख्रिस्ती मंडळींच्या रोजच्या बोलण्यातच आहे. ते ‘साक्ष देणे’ म्हणतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात येशू शिष्यांना आपले साक्षी म्हणतो. शब्द कोर्टातला आहे आणि तो कोर्टातल्याच अर्थाने घ्यावा. साक्षीदाराने पाहिले-अनुभवले तेवढेच सांगायचे असते, ऐकीव जोडायचे नसते. त्याने उलटतपासणीला उभे राहायचे असते. आणि निकाल त्याने द्यायचा नसतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर, कोणी विचारले तर आपल्या आशेचे कारण सांगायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने, असे बजावले आहे. तिथे विचारणारा आधी आहे, सांगणारा नंतर.

हा भेद व्यवहारात किती अवघड जातो ते पंडिता रमाबाईंच्या, विधवा मुलींसाठीच्या शारदा सदनाने दाखवले. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्याच वर्षी पुण्याला आलेले हे सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन होते. रमाबाई स्वतः 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. रमाबाईंनी दार लावून घ्यायला हवे होते का? माझ्या मते नाही. स्वतःची प्रार्थना चोरून करायला लावणे म्हणजे तटस्थता नव्हे. पण रानडे-भांडारकरांची शंकाही पोकळ नव्हती. त्या मुलींना दुसरे घर नव्हते. ज्या बाईच्या आधारावर आपण जगतो तिच्या खोलीत जाऊन बसणे किती मोकळ्या मनाने होते, हे बाहेरून कोणाला सांगता येणार? दार उघडे असणे पुरेसे नाही. त्यातून परत बाहेर पडायला जागाही असावी लागते.

खरा आक्षेप इथेच बळकट होतो. कुरुंदवाडहून फार लांब नसलेल्या मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये इस्पितळ उभे केले. दक्षिण महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या किती रोग्यांना त्याने उठवून घरी पाठवले याची मोजदाद नाही. अशा मिशन इस्पितळांत उपचाराबरोबर सुवार्ताही ऐकवली जाई. रोग्याला बरे करणे हीच साक्ष, असे म्हणता येईल, आणि ते पुष्कळसे खरेही आहे. पण खाटेवरचा माणूस उलटतपासणी घेऊ शकत नाही. दुष्काळातला भुकेला तर मुळीच नाही. 1897 आणि 1900 च्या दुष्काळांत रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ति मिशनने वाचवलेल्या मुलींचे प्राण हे निर्विवाद पुण्य, पण त्यानंतरच्या बाप्तिस्म्यांचा पुरावा म्हणून वापर करू नये. ज्याला नाही म्हणणे परवडत नाही त्याच्या होकाराला किंमत नाही. हे मिशनच्या विरोधकाने सांगण्याआधी ख्रिस्ती माणसाने सांगायला हवे, कारण त्यात त्याच्याच साक्षीची किंमत जाते.

‘प्रत्येकाला आपापला धर्म पुरेसा आहे, मग सांगायचेच कशाला?’ हा आक्षेप मात्र मला तितका पटत नाही. बसवण्णा, चक्रधर, वारकरी कीर्तनकार हे सगळे सांगतच फिरले, आणि ऐकणाऱ्यांनी जुने काही टाकून नवे धरले. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला तो जन्माचा धर्म पुरेसा नाही, हे वर्षानुवर्षे सांगितल्यावरच. मन वळवणेच गैर ठरवले तर हा सगळा इतिहास गैर ठरतो. ‘पण ख्रिस्ती माणूस आपलेच खरे म्हणतो’ असे कोणी म्हणेल. म्हणतो खरा. कोर्टातला प्रत्येक प्रामाणिक साक्षीदार आपलेच खरे म्हणतो. शेजाऱ्याचेही तितकेच खरे म्हणणाऱ्या साक्षीला कोण विचारतो? शेजार मोडतो तो या दाव्याने नव्हे, शेजाऱ्याच्या देवाची टिंगल केल्याने. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक मिशनरी पत्रकांनी ती केली, आणि त्याचे देणे आजचे ख्रिस्ती कुटुंब फेडते आहे.

घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे. 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. अनेक ख्रिस्ती विचारवंतांना हा निकाल बोचतो, आणि त्याच्या आधाराने पुढे आलेल्या काही राज्यांच्या कायद्यांबद्दल तक्रार करण्याजोगे बरेच आहे. धर्म बदलणाऱ्याने सरकारदरबारी कळवावे, ही अट तर ऐकणाऱ्याचाच हक्क कापते. पण ‘दुसऱ्याचे धर्मांतर करणे’ हे शब्द ख्रिस्ती श्रद्धेलाही खटकले पाहिजेत. तिच्याच शिकवणीप्रमाणे मन पालटते ते देवाच्या आत्म्याने, सुवार्तिकाच्या कौशल्याने नाही.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना हे उमगले असावे. रेल्वेत भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो माणूस वाचा म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला. बाप्तिस्मा झाला तो 1895 मध्ये, पुष्कळ वाचून, भांडून, घर विस्कटून. टिळकांनी पुढे अभंगांत आणि कीर्तनांत ख्रिस्त सांगितला, आणि 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. मिशनच्या वहीत अशा माणसांसाठी रकाना नव्हता.