भित्र्याची साक्ष

भुताटकीच्या वाड्यावरचे जुने कौटुंबिक विनोदी चित्रपट आपल्याला भित्र्या माणसाला हसायला लावतात. हे हसणे नैतिकदृष्ट्या निरुपद्रवी असते काय? अ‍ॅलन रॅफ्किन दिग्दर्शित ‘द घोस्ट अँड मिस्टर चिकन’ (१९६६) या चित्रपटाच्या संदर्भात हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

डॉन नॉट्सने साकारलेला ल्यूथर हा कॅन्सासमधील एका लहान गावच्या वृत्तपत्रातला जुळारी. वीस वर्षांपूर्वी जिथे खून झाला, त्या वाड्यात तो एक रात्र काढतो. आपोआप वाजणारा ऑर्गन आणि रक्ताळलेले चित्र पाहून हादरतो. त्याची हकीकत छापून येताच वाड्याचा वारस अब्रुनुकसानीचा दावा लावतो. न्यायालय वाड्यात जाऊन पाहते, तेव्हा काहीच घडत नाही. ल्यूथर खोटा ठरतो. पुढे उलगडते ते असे, की ऑर्गन वाजवणारा जिवंत माणूस होता आणि खुनी होता तो वारसच.

म्हणजे चुकला होता तो भुताचा निष्कर्ष. साक्ष खरीच होती. गावाने हा भेद केला नाही. भय हीच असत्याची खूण मानून ते हसले. प्रेक्षकाचे हसणे मात्र निराळे आहे, कारण ल्यूथरने पाहिले ते त्यानेही पाहिलेले असते. त्याच्या हसण्यात अविश्वास नसतो. भ्यालेला माणूस हास्यास्पद असू शकतो, पण तेवढ्याने तो अविश्वसनीय ठरत नाही. लहान मुलाला या चित्रपटांतून मिळणारा दिलासा बहुधा हाच असावा.

अखेरीस ल्यूथरच्या लग्नात ऑर्गन पुन्हा आपोआप वाजू लागतो. बुद्धीचा विजयही येथे निर्विवाद राहत नाही.