उपऱ्याची कविता आणि आपले दार

गावाने ज्याला बाहेर ठेवले त्याची कविता आपण अभिमानाने वाचतो. परंतु एक प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. उपरेपण भोगलेला माणूस दुसऱ्या उपऱ्याशी आपोआप माणुसकीने वागतो काय?

इतिहासाचे उत्तर 'नाही' असे आहे. १९१७ साली बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना म्हणून ते पारशी विश्रामगृहात उतरले. ते कोण आहेत हे कळताच लाठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. पारशांचे पूर्वज तर स्वतःच इराणातून आश्रयासाठी गुजरातच्या किनाऱ्यावर आले होते! हा दोष एका समाजाचा नव्हे. स्थिरावलेला माणूस आपले जुने गाठोडे विसरतो, आणि जातीची उतरंड त्याला वरची पायरी देऊ करते.

आपल्या भंडारा जिल्ह्याने तर याहून भयंकर पाहिले. मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत बाहेरून येऊन शेती करणाऱ्या भोतमांगे कुटुंबातील चौघांची २९ सप्टेंबर २००६ रोजी हत्या झाली. जमीन होती, पण गाव आपले नव्हते.

१९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. खेड्यातून मुंबईत आलेल्या मुलाने महानगराने झिडकारलेल्यांना शब्द दिले. त्याच साली तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, आजच्या गोंदियात, तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत उभी राहिली. एकाला स्वदेशात जागा नव्हती. दुसऱ्यांना स्वदेशच उरला नव्हता. या दोन दुःखांची आपण कधी गाठ घालून दिली काय?

कोणी म्हणेल, आधी आपला निषेध, मग इतरांची करुणा. पण निषेधाचा आधार कोणता? 'मला बाहेर ठेवू नका' ही मागणी रास्तच आहे. मात्र आपल्याला जागा मिळाली की ती संपते. 'कोणालाही बाहेर ठेवू नका' हे तत्त्व आहे. ते संपत नाही, आणि ते आपल्यालाही बांधते.

म्हणून आपल्या कवितेची खरी परीक्षा संमेलनाच्या मंचावर होत नाही. वीटभट्टीवर परप्रांतातून आलेल्या मजुराचे मूल आपल्या मुलाशेजारी बसते, गावाबाहेर भटक्यांची पाले पडतात, त्यांची बाई घागर घेऊन आपल्या मोहल्ल्याच्या हापशीवर येते. त्या वेळी आपण काय बोलतो, ते ऐका. ती कविता आपल्याला कळली की नाही, हे तिथे ठरते.