विचारपूस

दिवाळीत घराचे दार उघडे असते. उंबऱ्याशी पणती तेवत असते आणि फराळाची झाकलेली ताटे या घरातून त्या घरात जात असतात. सुट्टी सुरू झाली की मात्र याच दारांना कुलपे लागतात, आणि गावी निघालेला मनुष्य शेजाऱ्याला सांगून जातो, "जरा घराकडे लक्ष असू द्या हं!"

हे लक्ष ठेवायचे तरी कसे?

काही वर्षांमागे आमच्या इमारतीत भरदुपारी चोरी झाली. सामान खाली नेणारी माणसे अनेकांनी पाहिली होती. कुणी म्हणाले, "आम्हाला वाटले, बिऱ्हाड हलवताहेत." कुणी म्हणाले, "उगाच कशाला विचारा?" मी स्वतः तर त्या माणसांना जिन्यात वाट करून दिली होती! डोळे सर्वांचे उघडे होते; तोंड कुणी उघडले नाही.

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण बारा वर्षे आमच्याकडे येत होती. तिलाही फाटकाशी अडवू लागलो.

या टोकाच्या पुढे काय असते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मुले पळवणारे समजून ठार मारले. मोबाइलवरून पसरलेल्या अफवेखेरीज त्यांच्याविरुद्ध काही नव्हते. मारणाऱ्यांनाही वाटत असेल की आपण गावाची राखण करीत आहोत. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा १८७१ चा कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु अनोळखी वेश पाहताच मनात उठणारा संशय कोणत्या कायद्याने रद्द करावा?

वरवर पाहता आमचे मौन आणि तो जमाव यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण मूळ एकच. दोन्हीकडे समोरच्या माणसाला नीट विचारलेच गेले नाही. आम्ही भिडेपोटी विचारले नाही. त्यांनी भयापोटी उत्तर ऐकले नाही.

पूर्वी गावात जागल्या असे. रात्री तो गस्त घाली. पण त्याचे खरे बळ हातातल्या काठीत नव्हते. कोणाच्या घरी कोण पाहुणा आला आहे, हे त्याला ठाऊक असे. ज्याला माणसे ठाऊक असतात तोच राखण करू शकतो. ज्याला ती ठाऊक नसतात तो केवळ संशय घेऊ शकतो.

आपल्या भाषेत 'विचारपूस' असा एक सुंदर शब्द आहे. त्यात चौकशी आहे आणि आस्थाही आहे. "कोण हवंय आपल्याला?" एवढे विचारल्याने पाहुण्याला घर सापडते, आणि चोराला कळते की आपल्याला कुणीतरी पाहिले आहे. उत्तर पटले नाही तर शेजाऱ्यांना हाक मारावी, गाडीचा क्रमांक टिपावा, ११२ वर पोलिसांना कळवावे. हात उगारण्याचा अधिकार मात्र आपला नव्हे.

परवा ती बोहारीण फाटकाशी उभी दिसली. मी खाली उतरलो, फाटक उघडले आणि बारा वर्षांत प्रथमच तिचे नाव विचारले.