दूरच्या देशाशी अबोला

परराष्ट्रधोरण म्हणजे मुत्सद्द्यांनी एका बैठकीत ठरविलेली गोष्ट, असा समज आहे. आयुष्य सरकारी फायलींत गेल्यामुळे आम्हांस तसे वाटत नाही. फाईलवर एकामागून एक शेरे चढत जातात आणि मागाहून त्यांस धोरण म्हणतात. दक्षिण आफ्रिकेविषयीचे आपले धोरण असेच घडले.

प्रारंभी प्रश्न तत्त्वाचा नव्हता, आपल्या माणसांचा होता. १८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या गिरमिट्यांच्या वंशजांवर जमिनीबाबत निर्बंध घालणारा कायदा तेथे १९४६ साली झाला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने त्या देशाशी व्यापार तोडला व गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेले. देश तेव्हा स्वतंत्रही झालेला नव्हता! विजयालक्ष्मी पंडित यांनी बाजू मांडली. हा आमचा घरगुती मामला आहे, असे जनरल स्मट्स म्हणाले. ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी संमत झाला. पुढे ‘आपली माणसे’ हा मुद्दा मागे पडून तेथील कृष्णवर्णीयांचा प्रश्न पुढे आला. १९६७ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची कचेरी दिल्लीत उघडली.

स्मट्स यांचा युक्तिवाद मात्र आम्हांस सहजी झटकता येत नाही. ज्या घरात माणसाला पाणवठ्यावरून हाकलले जाई, त्या घराने दुसऱ्याच्या घरात डोकवावे काय? आम्ही म्हणतो, डोकवावे. एरवी अन्यायाविरुद्ध जगात कोणास बोलताच येणार नाही. परंतु बोलणाऱ्याने त्याची किंमतही मोजली पाहिजे. आणि ती कोणी मोजायची, येथे आमचे मन अडखळते.

१९७४ साली आम्ही इंदुरात शाळकरी होतो. पुण्यात सोव्हिएत संघास हरवून भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत गेला. समोर दक्षिण आफ्रिका. भारताने खेळण्यास नकार दिला आणि चषक न खेळताच त्यांच्याकडे गेला. वाड्यातील वडीलधारी मंडळी अभिमानाने बोलत. आम्हां मुलांना रडू येई. तत्त्व देशाचे, संधी गेली ती अमृतराज बंधूंची.

तो नकार योग्यच होता, असे आज आम्ही मानतो. वाड्यातील वडीलधाऱ्यांइतक्या सहजपणे मात्र आम्हांस ते म्हणता येत नाही. १९९० मध्ये मंडेला यांस भारतरत्न मिळाले, १९९३ मध्ये दोन्ही देशांचे संबंध पुन्हा जुळले, व्यापारही सुरू झाला. डेव्हिस चषक भारताने अद्याप जिंकलेला नाही.