गायक जातो, पाटी राहते

रॉक संगीतातील बँड ही कायद्याच्या नजरेत भागीदारी असते, बाजाराच्या नजरेत व्यापारचिन्ह असते आणि श्रोत्याच्या कानात तो केवळ एक आवाज असतो. या तिन्ही गोष्टी एकाच मंचावर एकत्र उभ्या असतात तोवर त्यांच्यातला भेद कुणाच्या लक्षात येत नाही. गायक मरण पावला, भांडून बाहेर पडला किंवा त्याचा गळाच थकला, की मात्र त्या एकमेकींपासून सुट्या होतात आणि उरलेल्या वादकांनी जुनीच पाटी लावून नव्या गायकासह दुकान चालू ठेवावे काय, असा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर बहुधा रागालोभाने दिले जाते: एका पक्षाला हा उद्योग मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाण्यासारखा वाटतो, तर दुसरा पक्ष वादकांच्या पोटापाण्याचा आणि त्यांनी आयुष्यभर उपसलेल्या कष्टांचा दाखला देतो. दोन्ही पक्ष एक गोष्ट मात्र गृहीत धरून चालतात, ती म्हणजे बँडचे नाव गायकाच्या आवाजात वसते. या गृहीताची तपासणी केली, तर नावावरचा नैतिक हक्क नवे गाणे रचण्याच्या ताकदीवर ठरतो आणि आवाजाचा हक्क त्याच्यानंतर येतो, असे दिसते. अर्थात ही कसोटी लावली म्हणजे सगळे गुंते सुटतात असेही नाही.

तपासणीसाठी १९८० या वर्षाइतके सोयीचे वर्ष दुसरे नाही, कारण त्या एका वर्षात या प्रश्नाची जवळजवळ सर्व उत्तरे देऊन झाली. १९ फेब्रुवारीला एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन बँडचे गायक बॉन स्कॉट लंडनमध्ये मरण पावले. १८ मे रोजी, अमेरिका दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी, मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनचे गायक इयन कर्टिस यांनी आत्महत्या केली. आणि २५ सप्टेंबरला लेड झेपलिनचे ड्रमवादक जॉन बॉनम गेले. पहिल्या बँडने नाव ठेवले आणि गायक बदलला, दुसऱ्याने माणसे ठेवली आणि नाव बदलले, तिसऱ्याने डिसेंबरमध्ये छोटेसे निवेदन काढून खेळच थांबवला. यांतले शेवटचे उत्तर विशेष बोलके आहे, कारण तेथे गायक शाबूत होता आणि गेला होता तो मागे बसणारा माणूस. तरीही उरलेल्या तिघांना पाटी लावावीशी वाटली नाही.

एसी/डीसीचे उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. या बँडचा कणा अँगस आणि माल्कम यंग हे गिटारवादक भाऊ होते. पुन्हापुन्हा येणारा छोटा, ठसठशीत स्वरवाक्यांश, ज्याला रॉकमध्ये रिफ म्हणतात, तो हे दोघे घडवत आणि स्कॉट त्यावर शब्द चढवत. स्कॉट यांच्या जागी आलेले ब्रायन जॉन्सन हे जॉर्डी नावाच्या बँडमधून कधीच बाहेर पडून न्यूकॅसलमध्ये मोटारींची छते बसवण्याचा धंदा करीत होते. त्यांना घेऊन बहामामधील नॅसो येथे ध्वनिमुद्रण झाले आणि २५ जुलैला, म्हणजे मृत्यूनंतर जेमतेम पाच महिन्यांनी, 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम बाजारात आला. त्याचे मुखपृष्ठ संपूर्ण काळे आहे. बँडच्या नावाची अक्षरे बारीक करड्या रेषेने उमटलेली दिसतात. पहिल्या गाण्याआधी घंटेचे संथ टोल पडतात, आणि ते इंग्लंडमधील लफबरो येथील घंटा ओतणाऱ्या कारखान्यात मुद्दाम जाऊन मुद्रित केलेले आहेत. घंटा वाजते, गिटार येते, आणि मग एक अनोळखी, खरखरीत, पहिल्याहून उंच पट्टीतला आवाज सुरू होतो. नव्या माणसाला जुन्याच्या कपड्यांत लपवण्याचा प्रयत्न येथे कुठेच नाही. सुतक उघडपणे पाळले गेले आणि मग कामाला सुरुवात झाली. जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत त्याची गणना होते, पण खप हा नैतिक पुरावा नव्हे. पुरावा आहे तो हा, की मेलेल्या माणसाची गाणी म्हणत फिरण्याआधी त्यांनी नवी गाणी केली. शिवाय स्कॉट हेही त्या बँडचे पहिले गायक नव्हते. १९७४ मध्ये त्यांनी डेव्ह इव्हान्स यांची जागा घेतली होती. ज्यांना चाहते न भूतो न भविष्यति मानतात, त्यांपैकी कितीतरी जण असे आधीच्या गायकाच्या जागी आलेले असतात: डीप पर्पलचे इयन गिलन, आयर्न मेडनचे ब्रूस डिकिन्सन, लिंकिन पार्कचे चेस्टर बेनिंग्टन.

तरीही आवाजाचा प्रश्न असा एका फटक्यात निकालात निघत नाही. एकाच बनावटीच्या दोन गिटारी बऱ्याच अंशी सारख्या वाजतात, पण कंठ, टाळू, नाक आणि छाती यांच्या घडणीतून निघणारा आवाजाचा पोत माणसागणिक निराळा असतो, आणि दूरध्वनीवर एक शब्द ऐकून माणूस ओळखणारा कान त्या बाबतीत सहसा फसत नाही. त्यात भर पडते ती पट्टीची, म्हणजे गायकाच्या गळ्याला सोयीच्या आधारस्वराची. बँडची गाणी मूळ गायकाच्या पट्टीत बांधलेली असतात. नव्याला ती मानवली नाहीत, तर एक तर सगळे गाणे खाली उतरवावे लागते आणि गिटारची चमक कमी होते, नाही तर त्याला दर रात्री गळा ताणावा लागतो. १९९४ ते १९९९ या काळात आयर्न मेडनमध्ये ब्लेझ बेली यांच्या वाट्याला हेच आले: त्यांचा आवाज जात्याच खालचा, आणि म्हणायची गाणी डिकिन्सन यांच्या उंच गळ्यासाठी रचलेली. त्यांच्यावर झालेली टीका बरीचशी अन्यायाची होती, कारण दोष गाणाऱ्याचा कमी आणि पट्टी न बदलणाऱ्यांचा अधिक होता.

यावरचा सोपा दिसणारा उपाय म्हणजे हुबेहूब आवाजाचा माणूस शोधणे. प्रसिद्ध बँडची गाणी जशीच्या तशी वाजवणाऱ्या हौशी किंवा धंदेवाईक संचाला ट्रिब्यूट बँड म्हणतात. जुडास प्रीस्टने १९९६ मध्ये अशाच एका संचातून टिम ओवेन्स यांना उचलले, आणि जर्नीने २००७ मध्ये यूट्यूबवरील चित्रफिती पाहून फिलिपिन्सच्या आर्नेल पिनेडा यांना बोलावले. दोघेही गायक म्हणून अव्वल आहेत. पण या निवडीत एक पेच दडलेला असतो: जो जितका हुबेहूब गातो, तितका तो मूळ गायकाची आठवण करून देतो आणि तितकीच त्याची स्वतःची उपस्थिती पुसली जाते. ऑस्ट्रेलियाच्या आयएनएक्सएसने तर मायकेल हचेन्स यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, २००५ मध्ये, दूरचित्रवाणीवर स्पर्धा भरवून गायक निवडला. वारस निवडण्याची ही रीत पाहिली की पाटी माणसांपासून किती दूर निघून जाऊ शकते याचा अंदाज येतो.

कायद्याने हा प्रश्न कसा हाताळला, हे पाहताना पुन्हा १९८० कडे वळावे लागते. गाण्यावरचा हक्क कॉपीराइटने राखला जातो, तर नाव हा ट्रेडमार्कचा, म्हणजे ग्राहकाची फसवणूक होऊ नये म्हणून दिलेल्या संरक्षणाचा विषय आहे. डीप पर्पल त्या वेळी विसर्जित झालेले होते, आणि त्यांचे पहिले गायक रॉड इव्हान्स यांनी चार अनोळखी वादक घेऊन त्याच नावाने अमेरिकेत कार्यक्रम लावले. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि ६,७२,००० डॉलर नुकसानभरपाईचा निकाल इव्हान्स यांच्याविरुद्ध लागला. आवाजात नाव वसत असते, तर हा सर्वांत अस्सल डीप पर्पल ठरायला हवा होता. त्याआधी १९७४ मध्ये फ्लीटवुड मॅकच्या व्यवस्थापकाने याच्याही पुढची मजल मारली होती: नाव आपल्या मालकीचे आहे असे सांगून त्याने त्या बँडमधला एकही माणूस नसलेला संच दौऱ्यावर धाडला. खऱ्या फ्लीटवुड मॅकची कथा तर याहून मौजेची आहे. संस्थापक गायक आणि गिटारवादक पीटर ग्रीन यांनी १९६७ मध्ये बँडला स्वतःचे नाव न देता ड्रमवादक मिक फ्लीटवुड आणि बेसवादक जॉन मॅकव्ही यांची नावे जोडून दिली. ग्रीन १९७० मध्ये निघून गेले, त्यानंतर गायक येत राहिले आणि जात राहिले, संगीत ब्लूजकडून पॉपकडे सरकले, आणि १९७७ मध्ये 'रूमर्स'ने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा पाटीवर ज्यांची नावे होती ते दोघे मागच्या रांगेत आपापल्या जागी होते.

मराठी वाचकाला हा भेद नाटक मंडळ्यांच्या इतिहासातून ओळखीचा आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीवर नाव होते नाटककार संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे. म्हणून १८८५ मध्ये अण्णासाहेब गेले, १९०१ मध्ये गायक-नट भाऊराव कोल्हटकर गेले, तरी मंडळी चालली आणि १९०५ मध्ये तिला बालगंधर्व लाभले. १९१३ मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीची पाटी मात्र थेट नटाच्या नावाची होती, आणि तेथे दुसरा गंधर्व आणण्याची कल्पनाही कुणाला करवली नसती.

नाव सोडणाऱ्यांचा मार्ग सर्वांत स्वच्छ वाटतो, आणि जॉय डिव्हिजनच्या बाबतीत तो होताही. उरलेल्यांनी न्यू ऑर्डर असे नाव घेतले, गिटारवादक बर्नार्ड समनर चाचपडत गाऊ लागले, आणि त्या चाचपडण्यातून यंत्रांच्या तालावर नाचणारे जे संगीत १९८३ मधील 'ब्लू मंडे'पर्यंत पोहोचले, ते जुन्या नावाखाली कदाचित सुचलेही नसते. पण हा नियम सर्वांना लावणे हा संन्याशाने संसाऱ्याला उपदेश करण्याचा प्रकार झाला. बँडच्या नावात दहा-वीस वर्षांची मेहनत साठलेली असते, आणि ते टाकून देण्याची ऐपत सर्वांची नसते. ब्लॅक सबाथने १९७९ मध्ये ऑझी ऑस्बोर्न यांना काढले आणि रॉनी जेम्स डिओ यांच्यासह त्याच नावाने 'हेवन अँड हेल' हा उत्तम अल्बम केला. तोही १९८० चाच. पुढे २००६ मध्ये जवळजवळ हाच संच पुन्हा जमला, तेव्हा त्याने सबाथ हे नाव ऑझींच्या काळासाठी राखून स्वतःला हेवन अँड हेल म्हणवले. जवळजवळ त्याच संचाने एकदा नाव वापरले आणि एकदा टाळले, आणि दोन्ही वेळा तो बरोबर होता: पहिल्या वेळी नवे काम पुढ्यात होते, दुसऱ्या वेळी श्रोता काय ऐकायला येणार हे आधीच सांगणे आवश्यक होते.

याच न्यायाने द डोर्सच्या भांडणात ड्रमवादक जॉन डेन्समोर यांची बाजू योग्य ठरते. गायक जिम मॉरिसन १९७१ मध्ये गेल्यावर उरलेल्या तिघांनी स्वतः गाऊन दोन अल्बम केले. ते फारसे चालले नाहीत, पण तो प्रयत्न सरळ होता. २००२ नंतर त्यांपैकी दोघांनी इयन ॲस्टबरी यांना गायला घेऊन, नावात एकविसाव्या शतकाची पुस्ती जोडून दौरे सुरू केले, तेव्हा डेन्समोर आणि मॉरिसन यांचे वारस न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये जिंकले. सर्वांच्या संमतीखेरीज काही करायचे नाही, असा त्या चौघांचा जुना करार होता. हा दौरा जुन्या गाण्यांचा होता, आणि जुन्या गाण्यांच्या पाटीवर चौथ्या माणसाचाही वाटा असतो, तो हयात नसला तरी. याउलट लिंकिन पार्कने बेनिंग्टन यांच्या २०१७ मधील मृत्यूनंतर सात वर्षे दौरे टाळले, आणि २०२४ मध्ये एमिली आर्मस्ट्राँग यांच्यासह परतताना सोबत 'फ्रॉम झीरो' हा नवा अल्बम आणला. काही जुने चाहते नाराज झाले. त्यांच्या दुःखाचा मान राखूनही म्हणावे लागते, की बँडने आपले देणे नव्या गाण्यांनी फेडले.

राहता राहिले क्वीन. १९७० मध्ये टिम स्टाफेल हे गायक स्माइल नावाच्या बँडमधून बाहेर पडले आणि त्यांच्या जागी फ्रेडी मर्क्युरी आले, म्हणजे तेही बदली गायकच. मात्र त्यांनी आल्याआल्या पाटी बदलली. क्वीन हे नाव आणि राशिचिन्हांचे ते बोधचिन्ह दोन्ही त्यांचीच. झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकत असताना द हेक्टिक्स या शाळकरी बँडमध्ये होता, तेव्हा तो पियानोवर बसे आणि पुढे उभा राहून गाणारा मुलगा दुसराच असे. १९९१ मध्ये ते गेले. गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांनी २००४ पासून पॉल रॉजर्स यांच्यासह आणि पुढे ॲडम लँबर्ट यांच्यासह जे केले, त्यात त्यांनी नावापुढे अधिक चिन्ह लिहिले: क्वीन + ॲडम लँबर्ट. रॉजर्स यांच्याबरोबर २००८ मध्ये एक नवा अल्बम झाला. लँबर्ट यांच्याबरोबर नव्या गाण्यांचा एकही स्टुडिओ अल्बम झालेला नाही. म्हणजे वरील कसोटीवर हे संग्रहालय ठरते, पण दारावर संग्रहालय असे स्पष्ट लिहिलेले संग्रहालय. कार्यक्रमाच्या मध्यावर ७५ वर्षे ओलांडलेले मे एकटेच गिटार घेऊन पुढे येतात, प्रेक्षक गातात, आणि शेवटी मागच्या पडद्यावर मर्क्युरी उमटून उरलेल्या ओळी म्हणतात. त्या वेळी लँबर्ट मंचावर नसतात. जागा भरलेली नाही, ती रिकामीच ठेवून तिच्या शेजारी खुर्ची मांडली आहे, असे सांगण्याची ही रीत आहे.

मात्र त्या अधिक चिन्हाच्या डाव्या बाजूलाही एक उणीव आहे. बेसवादक जॉन डीकन १९९७ नंतर सार्वजनिक संगीतातून निवृत्त झाले, आणि पैशांच्या निर्णयात त्यांना विचारले जाते असे सहकारी सांगत असले, तरी मंचावर ते कधीच परतले नाहीत. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे क्वीनच्या सर्वाधिक खपलेल्या गाण्यांपैकी एक त्यांनी रचलेले, आणि ते सारेच्या सारे बेसच्या त्या एका फिरणाऱ्या रिफवर उभे आहे. तेही १९८० चेच. कार्यक्रमात ते गाणे आजही वाजते, रिफ सुरू होताच हजारो माणसे ओळखून ओरडतात, आणि ती रिफ वाजवणाऱ्याचे नाव चिन्हाच्या डावीकडे नसते आणि उजवीकडेही नसते.