मागे वळून न पाहणारा

२०२५च्या मार्चमध्ये बंगळुरूच्या एका श्वानशौकिनाने जाहीर केलं की आपण ५० कोटी रुपये मोजून एक ‘वुल्फडॉग’ आणला आहे. लांडगा आणि कॉकेशियन शेफर्ड यांचा संकर, जगातला सर्वांत महागडा कुत्रा, अशी बातमी देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी छापली. त्या प्राण्याला पाहायला गर्दी लोटली, सेल्फी निघाले. पुढच्याच महिन्यात सक्तवसुली संचालनालयाची माणसं चौकशीला घरी पोचली आणि ५० कोटींचा दावा खोटा असल्याचं बाहेर आलं. बातमीचा हा उत्तरार्ध अर्थातच पहिल्या भागाइतका कुणी वाचला नाही.

थाप मारणारे पुष्कळ असतात, त्यात नवल नाही. नवल आहे ते ही थाप खपली याचं. पन्नास कोटींचा लॅब्रॅडॉर म्हटलं असतं तर लोक हसले असते. त्यात लांडग्याचं रक्त आहे म्हटल्यावर आकडा खरा वाटू लागला. लांडगा दाराशी बांधलेला असावा, तो इतरांवर गुरगुरावा आणि आपल्यापुढे मात्र शेपूट हलवावी, ही हौस जगभर आहे आणि आता ती आपल्याकडच्या शहरांतही शिरली आहे. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एसी लावून हस्की पाळणाऱ्यांना विचारा. पहिलं कौतुक ‘अगदी लांडग्यासारखा दिसतो ना?’ हेच असतं.

लांडगा किंवा त्याचा संकर घरी पाळण्याजोगा आहे का? नाही. पण त्याचं जे कारण सहसा सांगतात ते मला पटत नाही. लांडगा क्रूर, कपटी, रक्ताला चटावलेला, म्हणून तो नको, असं म्हणणं म्हणजे लहानपणच्या गोष्टींवर अजून विसंबून राहणं झालं. खरं कारण त्याहून साधं आहे आणि आपल्याला जास्त टोचणारंही.

बुडापेस्टच्या योतव्योश लोरांद विद्यापीठात आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांडग्याची पिल्लं डोळे उघडण्याच्या आतच आईपासून वेगळी करून हातावर वाढवली. बाटलीने दूध पाजलं, रात्री कुशीत घेऊन झोपले, जिथे जातील तिथे सोबत नेलं. कुत्र्यांची पिल्लंही अशीच वाढवली. मग दोघांना एक सोपं काम शिकवलं: दोरी ओढली की मांसाचा तुकडा मिळतो. दोघंही शिकले. त्यानंतर दोरी गुपचूप बांधून टाकली, कितीही ओढली तरी तुकडा येईना. कुत्र्यांनी थोडा वेळ खटपट केली, मग मान वळवून मागे उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. लांडगे ओढतच राहिले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधाचा निष्कर्ष त्याच्या शीर्षकातच होता: लांडगे माणसाकडे वळून पाहत नाहीत, कुत्रे पाहतात.

आपण कुत्रा पाळतो तो त्या वळून पाहण्यासाठी. घराची राखण वगैरे पुढच्या गोष्टी. अडलं की आपल्याकडे पाहणारा, आपण रागावलो की कान पाडणारा, आपल्यावाचून ज्याचं चालत नाही असा कुणीतरी आपल्याला हवा असतो. लांडगा प्रौढ असतो. त्याला अडचण आली तर तो ती स्वतः सोडवतो, किंवा सोडून देऊन निघून जातो. यात त्याचा दोष काय?

हा फरक संगोपनाने मिटत नाही, कारण तो वाढीच्या घड्याळातच बसलेला आहे. अमेरिकन संशोधक कॅथरिन लॉर्ड यांनी दोन्ही जातींची पिल्लं जन्मापासून पाहिली. वास, ऐकणं, पाहणं ही इंद्रियं दोघांत साधारण एकाच वयात जागी होतात. मात्र लांडग्याचं पिल्लू दोन आठवड्यांचं होताच, आंधळं-बहिरं असतानाच, केवळ वासाच्या आधाराने जग हुंगायला निघतं. कुत्र्याचं पिल्लू चौथ्या आठवड्याला निघतं, तोवर त्याला ऐकू येऊ लागलेलं असतं. काय ओळखीचं आणि काय परकं हे ठरवण्याचा काळ थोडाच असतो. लांडग्याच्या बाबतीत तो इतक्या लवकर सुरू होतो आणि इतक्या लवकर संपतो की नंतर समोर येणाऱ्या आवाजांना आणि आकारांना तो आयुष्यभर बिचकतो. मिक्सरचा आवाज, पाहुण्यांची लगबग, गणपतीतले ढोल, दिवाळीचे फटाके; अशा घरात तो जगायचा म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी.

‘पण कुत्राही मुळात लांडगाच ना?’ असं कुणीतरी हमखास म्हणतं. खरं आहे, पण त्यात एक शब्द गाळला जातो: हजारो वर्षं. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे माणसांसोबत पुरलेला कुत्रा सापडला, तो सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा; सुरुवात त्याहूनही जुनी. ही प्रक्रिया कशी चालते हे पाहण्यासाठी १९५९ साली सायबेरियात नोवोसिबिर्स्कजवळ दिमित्री बेल्यायेव यांनी चंदेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला, पुढे ल्युदमिला त्रूत यांनी तो हयातभर चालवला. दर पिढीत माणसाला सर्वांत कमी घाबरणारे कोल्हे तेवढे निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची. सहाव्या पिढीपर्यंत माणूस दिसताच शेपूट हलवणारी, हात चाटणारी पिल्लं जन्मू लागली. पुढे कुणाचे कान लोंबू लागले, कुणाच्या अंगावर पांढरे ठिपके उमटले. बदलली ती वंशावळ. एकाच कोल्ह्यावर कितीही माया केली असती तरी हे झालं नसतं, आणि लांडग्याचं एक पिल्लू घरी आणणारा माणूस नेमकं तेच करू पाहत असतो.

माया कमी पडते असं दिसलं की माणूस दराऱ्याकडे वळतो. ‘आपण कळपाचा म्होरक्या आहोत हे त्याला दाखवून द्या’ हा सल्ला श्वानप्रशिक्षकांच्या तोंडी आजही असतो. त्याचं मूळ १९४७ सालच्या एका निरीक्षणात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले लांडगे पाहिले आणि त्यांच्यातल्या मारामाऱ्यांवरून वर्चस्वाची उतरंड मांडली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७०च्या आपल्या ग्रंथात ती उचलली आणि ती जगभर पोचली. पण पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर मेक यांच्या लक्षात आलं की कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची लेकरं. म्होरक्या म्हणजे बाप. त्यांनी स्वतःची जुनी मांडणी उघडपणे खोडून काढली आणि तो ग्रंथ छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. असे विद्वान विरळा. कळपातली ही लेकरं मोठी झाली की एक ते तीन वर्षांच्या वयात घर सोडून जातात. घरात पाळलेला लांडगा त्याच वयात बदलतो, आणि त्याला जायला जागा नसते.

अपवाद आहेत. ब्रिटिश तत्त्वज्ञ मार्क रोलंड्स यांनी अमेरिकेत असताना ब्रेनिन नावाचं लांडग्याचं पिल्लू विकत घेतलं आणि अकरा वर्षं त्याच्यासोबत काढली. त्यावरचं त्यांचं पुस्तक गाजलं. पण ते वाचताना लक्षात येतं की ब्रेनिनला एकटं सोडलं तर तो घराची नासधूस करी, म्हणून रोलंड्स त्याला तत्त्वज्ञानाच्या तासाला वर्गात घेऊन जात. म्हणजे लांडग्याने माणसाच्या आयुष्याशी जुळवून घेण्यापेक्षा माणसानेच त्याच्याभोवती आपलं आयुष्य बेतलं. ज्याला हे जमेल त्याचं कौतुक आहे. सकाळी आठला ऑफिसची बस पकडणाऱ्याचं हे काम नव्हे.

आणि जे जमलंय असं वाटतं ते कधी उलटेल याचा नेम नसतो. स्वीडनमधल्या कोल्मोर्डन प्राणिसंग्रहालयात लांडगे माणसांच्या हातावर वाढवलेले होते, पाहुण्यांना त्यांच्या पिंजऱ्यात जाऊन त्यांना भेटता येई. २०१२च्या जूनमध्ये त्याच कळपाने तिथल्या एका कर्मचारी महिलेचा जीव घेतला. ती नवखी हौशी नव्हती, हेच तिचं काम होतं.

मग संकर? निम्मा लांडगा, निम्मा कुत्रा, म्हणजे दोघांतलं चांगलं तेवढं, असा हिशेब अनेकजण करतात. जनुकं वाटणीत असा विवेक पाळत नाहीत. एकाच वेतातलं एक पिल्लू कुत्र्यावर जातं, दुसरं लांडग्यावर, आणि कोण कुठे गेलं हे कळायला दोन-तीन वर्षं लागतात. विक्रेते सांगतात ती टक्केवारी बव्हंशी विक्रीसाठीच असते. माझ्या मते तर संकर लांडग्याहूनही अवघड, कारण लांडगा निदान माणसापासून लांब राहू पाहतो. संकरात लांडग्याचा बिचकेपणा आणि कुत्र्याची माणसाशी सलगी एकाच कातडीखाली नांदू शकतात.

दोन माणसांनी हे प्रकरण तडीला नेऊन पाहिलं. नेदरलँड्समध्ये लेंडर्ट सार्लोस यांनी १९३०च्या दशकात जर्मन शेफर्ड आणि लांडगीण यांचा संकर केला. अधिक काटक, अधिक निरोगी असा कामाचा कुत्रा त्यांना हवा होता. मिळाली ती लाजरीबुजरी, अनोळखी माणसापासून दूर पळणारी जात. १९७५ साली तिला अधिकृत मान्यता मिळाली तेव्हा सार्लोस हयात नव्हते. चेकोस्लोव्हाकियात कारेल हार्टल यांनी १९५५ साली ब्रिता नावाची लांडगीण आणि सेझार नावाचा जर्मन शेफर्ड यांच्यापासून सुरुवात केली, सीमेवरच्या पहाऱ्यासाठी. ही जात अधिक टिकाऊ ठरली, तिला पूर्ण मान्यता मिळाली १९९९ साली. तोवर कितीतरी पिढ्यांची निवड झालेली होती आणि सरकारी यंत्रणा पाठीशी होती. इतकं करूनही आजचे जाणकार पैदासकार पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला ती देताना हात आखडता घेतात.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. महाराष्ट्रात लांडगा परदेशातून आणावा लागत नाही. बारामती, इंदापूर, पुरंदरचे माळ, सोलापूरचं नान्नज, नगर जिल्ह्यातली गवताळ पठारं हे त्याचं घर. भारतीय लांडगा जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक असल्याचं अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतून दिसलं आहे, आणि देशात त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपासच असावी असा अंदाज आहे. पिढ्यानपिढ्या धनगर त्याच्या शेजारी राहत आले. मेंढरू गेलं की ते हळहळतात, शिव्या देतात, पण लांडग्याचाही वाटा असतो असं मानणारे मेंढपाळ अभ्यासकांना आजही भेटतात. लांडग्याला घरात न घेता त्याच्याशी संबंध कसा ठेवायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

याच माळांवर निसर्गप्रेमींना काही वर्षांपूर्वी विचित्र, पिवळसर रंगाचे लांडगे दिसू लागले. पुण्याच्या ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’च्या मंडळींनी त्यांचे फोटो काढले, माग ठेवला. केस वगैरे नमुने बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात उमा रामकृष्णन यांच्या प्रयोगशाळेत तपासले गेले आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: भारतात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होत असल्याचा पहिला जनुकीय पुरावा. या संकराला कुणीही पन्नास कोटी मोजले नव्हते. गावाच्या कडेच्या कचऱ्यावर, पोल्ट्रीच्या टाकाऊ मांसावर पोसलेले आपले मोकाट कुत्रे माळावर पोचले, एवढंच त्यामागचं भांडवल. लांडगे जिथे विरळ होतात, जोडीदार मिळत नाही, तिथे हे अधिक घडतं. कुत्र्यांसोबत रेबीज आणि डिस्टेंपर हे रोगही माळावर जातात. म्हणजे शहरात लांडग्यासारख्या दिसणाऱ्या कुत्र्यासाठी आपण लाखभर रुपये टाकतो आणि तासाभराच्या अंतरावर खरा लांडगा हळूहळू कुत्र्यात विरघळतो आहे. मला तरी या हौसेतली सर्वांत वाईट गोष्ट हीच वाटते.

कायद्याचं सांगायचं तर लांडगा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. या कायद्यात पकडणं हीसुद्धा शिकारच, त्यामुळे बिळातून पिल्लू उचलून आणणाऱ्यालाही किमान तीन वर्षांची कैद होऊ शकते.

थंडीच्या दिवसांत माळावर लांडग्यांची पिल्लं जन्मतात. ऊस तोडताना, मुरूम काढताना ती एखाद्याला एकटी सापडतात आणि आई सोडून गेली असं वाटतं. बहुतेक वेळा ती जवळच असते, माणसं हटण्याची वाट पाहत. अशी पिल्लं दिसली तर हात लावू नका, गर्दी हटवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. माळाजवळ राहत असाल तर आपल्या कुत्र्याला लस टोचा, त्याची नसबंदी करा आणि रात्री त्याला मोकळा सोडू नका.