पाखराला बसायला जागा

श्वास सावकाश घ्या. घाई कसलीच नाही.

तुळजापूरचा घाट उतरा, सोलापूरच्या वाटेला लागा आणि तामलवाडीच्या आसपास कुठल्याही बांधावर टेका. पौषातली सकाळ आहे. ज्वारी चिकात आलीय.

सगळं रान बघू नका. एकच कणीस बघा.

दाणा हिरवा आहे. नखानं दाबला की दूध येतं. कणसाच्या शेंड्याला चिमणी उलटी लोंबकळतेय. ताट जरासं लवतं, पुन्हा उभं राहतं.

बघत राहा.

आता कान द्या. लांब कुणीतरी रिकामा डबा बडवतंय. माळ्यावरून हाळी येते, गोफण सुटते. थवा भुर्रकन उठतो आणि पलीकडच्या बांधावरच्या बाभळीवर जाऊन बसतो.

जाऊन बसतो. एवढ्यावर थोडं थांबा. हाकलणारा एकटा आहे, रान मोठं आहे. पाखराला बसायला जागा उरते.

श्वास आत. श्वास बाहेर.

हाच रस्ता पुढे सोलापुरात शिरतो. तिथे भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. 1938 साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टर धाडले, त्यांतले हे एक. जपानशी लढणाऱ्या सैनिकांच्या जखमा शिवत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिकडेच गेले. वय अवघं 32.

ते गेल्यावर माओ त्से तुंग कुंचला उचलतो. सैन्याचा मदतीचा हात गेला, देशाचा मित्र गेला, अशा आशयाचं लिहितो.

त्या शाईपाशी बसा. अजून ओली आहे असं समजा.

शेजारच्या जिल्ह्यातलं पोर, आणि परमुलखातला माणूस त्याच्यासाठी हळहळतोय. छातीत काही हलत असेल तर हलू द्या. त्याला नाव देऊ नका.

थांबा.

आता तोच माणूस, साल 1958. त्याच्या मोहिमेच्या यादीत चार जीव आहेत: उंदीर, माशी, डास आणि चिमणी. चिमणी दाणे खाते, एवढाच तिचा गुन्हा.

ऐका. छपरावर डबा वाजतोय. झाडाखाली पातेलं. रस्त्यावर ढोल. शाळेतली पोरं वाजवताहेत, म्हातारी माणसं वाजवताहेत, सगळे एकाच वेळी.

चिमणी उठते. बसायला जाते, तिथे डबा. पुन्हा उठते. पुन्हा डबा. दमते, आणि उडता उडता खाली पडते.

सोसेल तेवढंच ऐका. मग कान मोकळे होऊ द्या.

मागे पिकांवर किडे माजले. त्याहून वाईट म्हणजे कागदावर फुगवलेलं पीक आणि त्या कागदावरून केलेली धान्याची सक्तीची वसुली. त्यातून दुष्काळ पडला, 1959 ते 1961. माणसं किती मेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या मुलखाला भूक समजावून सांगावी लागत नाही. तरी हा आकडा मनात मावत नाही. मावला नाही तरी चालेल. आकडा सोडा, श्वासाकडे या.

आत. बाहेर.

माओ आज चीनच्या नोटेवर आहे. तियानमेनच्या वेशीवर त्याचं भलंमोठं चित्र आहे, दरवर्षी 1 ऑक्टोबरच्या आधी जुनं उतरवून नवं चढवतात. शिजियाझुआंगमध्ये कोटणीसांच्या कबरीवर लोक फुलं ठेवतात. आणि आपल्याकडे माओचं नाव बहुतेक वेळा गडचिरोलीच्या जंगलातल्या चकमकीच्या बातमीतून येतं, नुसतं ‘वादी’ लावून.

हे सगळं येऊ द्या. एकेक करून येऊ द्या. निवाडा करायची खुमखुमी उठेल (मला तर लगेच उठते), तीही येऊ द्या. तिच्यामागे जाऊ नका.

एका कानात शाईचा कुंचला कागदावर घासतोय. दुसऱ्या कानात डबा. कुठलाच आवाज बंद करू नका.

तिकडे शास्त्रज्ञांनी मेलेल्या चिमण्यांची पोटं उघडून पाहिली. आत दाण्यांबरोबर किडे होते, पुष्कळ किडे.

1960 साली यादीतून चिमणीचं नाव काढलं. तिच्या जागी ढेकूण घातला.